कुंकवाची बाजू

परवा जालन्यात मस्तगडातून जाताना एका दुकानाची जुनी पाटी खाली उतरवलेली दिसली. तिच्या जागी छापील, चकचकीत फलक चढवायचा होता. ही म्हातारी पत्र्याची पाटी भिंतीला टेकून उभी होती. उन्हानं तिच्या रंगाचे पापुद्रे सुटले होते. वरच्या निळ्या रंगाखालून पिवळा डोकावत होता आणि पिवळ्याखाली आणखी काहीतरी गडद, हिरवट. मी भाचीकडे बारशाला निघाले होते, उशीरही झाला होता, तरी पाय तिथंच थांबले. मी वाकून पाटीजवळ नाक नेलं. आता एवढ्या वर्षांनी पत्र्याला कसला वास येणार? पण मला आला. जवसाच्या तेलाचा.

"आजी, काय बघताय?" दुकानातला तरुण मालक बाहेर आला.

"याच्या खाली काय आहे ते."

"खाली? खाली पत्रा आहे," तो म्हणाला.

बरोबरच होतं त्याचं. पण मला पत्रा आणि वरचा निळा रंग यांच्या मधलं हवं होतं.

जवसाच्या तेलाचा वास आमच्या घरी दोन ठिकाणांहून यायचा. एक मायच्या उखळातून, जवसाची चटणी कुटताना. आणि दुसरा समोरच्या रशीदभाई पेंटरच्या डब्यांतून. ते रंग त्याच तेलात कालवत. लहानपणी मला हे मोठंच कोडं होतं, की जी गोष्ट भाकरीबरोबर खातात तीच पाटीवर कशी फासतात. एकदा मी त्यांचा ब्रश चाटूनही पाहिला होता. चटणीत मीठ-मिरची असते एवढाच फरक कळला आणि मायचा धपाटा मिळाला.

निजामाचं राज्य गेलं, त्याच्या पुढची दोन-तीन वर्षं असतील ती. मस्तगडाच्या एका बोळात आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. अण्णा, म्हणजे माझे वडील, कचेरीत कारकून होते. त्यांच्या काळी वरच्या वर्गांची शाळा म्हणजे उर्दूच. त्यामुळे घरात मराठी बोलणारा, देवापुढं मराठीतून आरती म्हणणारा हा माणूस लिहायचा-वाचायचा मात्र उर्दू. बाळबोध, म्हणजे देवनागरी, त्यांना येत नव्हतं असं नाही. लहानपणी थोडं गिरवलं होतं, पण गंजलेल्या कुलपासारखं ते उघडायला वेळ लागायचा. उर्दू मात्र वाचायचे ते काय वाचायचे! हैदराबादहून येणारा पेपर संध्याकाळी उंबऱ्याशी बसून मोठ्यानं वाचत. अर्थ मला कळायचा नाही, पण त्यांचा आवाज वेगळाच व्हायचा, जरा खालचा, मऊ. वाक्य कुठं चढतंय, कुठं उतरतंय ते कळायचं. मी त्यांच्या मांडीत बसून त्यांचं बोट बघायची. शाईनं निळं झालेलं नख ओळीच्या उजव्या टोकाला टेकायचं आणि हळूहळू डावीकडं चालत जायचं. मग उचलून पुन्हा उजवीकडं. मला शाळेत घालायच्या आधीच वाचणं म्हणजे काय ते पक्कं ठाऊक झालं होतं. उजव्या काठानं उतरायचं, डाव्या काठानं बाहेर पडायचं.

आणि तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली.

शाळेत मी पुस्तक मागून उघडायची. बोट उजवीकडं ठेवायची. अक्षरं सगळी ओळखायची हो, अगदी जोडाक्षरंसुद्धा, पण 'रस' लिहिलेलं असलं की मी 'सर' म्हणायची आणि 'नदी' असली की 'दीन'. काका, मामा, दादा, बाबा हे बिचारे भले. कुठूनही वाचा, तेच. 'नवीन'सुद्धा माझ्या बाजूचा. पण 'माय' हा शब्द आला आणि मी खणखणीत आवाजात 'यमा' म्हणाले, तेव्हा सगळा वर्ग बाकांखाली लोळला. घरी सांगितलं तर माय म्हणाली, "बराबर हाय. उद्यापासून अभ्यास न्हाई केला तर यमच व्हते मी."

गुरुजी ओरडून थकले. "पोरीला अक्षर येतं, पण गाडी उलटी जाती," असं त्यांनी अण्णांना सांगितलं. त्या ओरडण्याचा उलटाच परिणाम झाला. तिसरीत येईपर्यंत मी प्रत्येक शब्दाला घाबरायला लागले. शब्द दिसला की आधी एका टोकानं बघायचा, मग दुसऱ्या टोकानं, मग यातला खरा कुठला ते ठरवायचं आणि मग तोंड उघडायचं. ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली. असं वाचणं कुणाच्या कानाला बरं वाटेल?

तात्यांच्या तर मुळीच नाही.

तात्या म्हणजे अण्णांचे थोरले भाऊ. आष्टीला शेती बघायचे. गावच्या पंतोजींकडं ते बाळबोध शिकले होते आणि श्रावणात देवळात पोथी वाचायचा मान त्यांचा होता. त्यांचा आवाज पहाडी, मिशा मोठ्या, आणि मनानं वाईट नव्हते. पण अण्णा त्यांच्यापुढं मान वर करून बोलत नसत. त्या श्रावणात ते बाजाराच्या कामानं जालन्याला आले, आणि जेवणं झाल्यावर माझं पुस्तक मागून घेऊन म्हणाले, "वाच बरं, बाई."

धड्याचं पहिलंच वाक्य होतं, 'राम घरी आला.' मी घाबरले की माझी नजर जुन्या वाटेनं पळायची. तात्यांच्या मिशांकडं पाहिलं, पुस्तकाकडं पाहिलं, आणि तोंडातून निघालं, "मरा."

चुलीपुढचं भांडं वाजायचं थांबलं.

"श्रावण सोमवारचं काय बोलून राह्यली ही पोरगी!" तात्या कडाडले. "राम लिव्हलंय ग तिथं! राम!" मग अण्णांकडं वळून, आवाज थोडा खाली आणून म्हणाले, "तुझा तो पेपर हाय ना, त्यानं नासवली हिला. उलटं बघतच वाढली. मंग काय व्हनार?"



त्या काळी थोरल्या दिराशी बाई सरळ बोलत नसे. मायला काही सांगायचं असलं की ती दाराआडून मला सांगायची आणि समोर बसलेल्या तात्यांनी ते माझ्याकडून कळल्यासारखं करायचं. तिचा आवाज आला, "सांग ग तुझ्या तात्याला, कीर्तनात काय सांगत्यात. त्या वाटमाऱ्याला राम म्हनता आलं न्हाई, मरा मरा म्हनत बसला, तरी त्याला राम गावलाच की."

मी सांगायला तोंड उघडलं, तर तात्यांनी हात वर केला. "आयकलं. पन त्याला गावायला वारूळ चढावं लागलं अंगावर. तितका टाइम न्हाई आपल्यापाशी." मग त्यांनी सांगून टाकलं. घरी मोठ्या आईला, म्हणजे माझ्या चुलतीला, तान्ह्या लेकराचं होत नाही, हाताखाली कुणी नाही. पोरीला वाचताच येत नसेल तर शाळेत बसवून काय उपयोग? "दसऱ्याला येतो. एक पान धड वाचून दाखवलं तर राहू दे. न्हाईतर संगं घेऊन जातो आष्टीला. लेकरू सांभाळंल."

अण्णा 'बरं' म्हणाले. एवढंच.

आष्टी मला आवडायची. तिथं चिंचा होत्या, म्हशी होत्या, चुलत भावंडं होती. पण सुट्टीत आवडणारं गाव आणि दप्तर मोडून जायचं गाव यात किती अंतर असतं, ते मला त्या रात्रीपासून कळायला लागलं. मला शाळेत राहायचं होतं. उलटं का असेना, वाचायचं होतं. सांगणार कुणाला?

दुसऱ्या दिवसापासून घरात पेपर येईनासा झाला.

अण्णा कचेरीतून यायचे, हातपाय धुवायचे, उंबऱ्याशी बसायचे, पण मांडीवर कागद नसायचा. संध्याकाळचा तो कागदाचा फडफडाट आणि तो खालचा, मऊ आवाज घरातून गेला. पुढं कधीतरी मला दिसलं, की रशीदभाईंच्या दुकानात रंगाच्या डब्यांवर पेपर पसरून अण्णा उभ्या-उभ्या तो वाचतायत. मनातल्या मनात. ओठसुद्धा हलत नव्हते.

एका संध्याकाळी त्यांनी रशीदभाईंकडून पुठ्ठ्याचा एक तुकडा आणला. रशीदभाई अक्षरांचे साचे कापायला वापरत, तसला जाड, तेलकट पुठ्ठा. अण्णांनी त्याच्या मधोमध पुस्तकाच्या ओळीएवढी लांब, अरुंद फट कापली. पानावर ठेवला की एकच ओळ दिसायची, बाकी सगळं झाकलं जायचं. आम्ही त्याला खिडकी म्हणायचो. फटीच्या डाव्या टोकाला मायनं कुंकवाचं बोट लावलं. "हितून निघायचं," ती म्हणाली. "ही आपली कुंकवाची बाजू." बोट रोज त्या कुंकवावर टेकायचं, त्यामुळे माझ्या तिसरीच्या पुस्तकाचे डावे समास हळूहळू गुलाबी झाले. गुरुजींना वाटलं असेल, ही पोरगी धड्यांची पूजा करते.

दिवे लागले की माय भाकरी टाकायला बसायची. मी तिच्या डाव्या हाताला, अण्णा माझ्या मागं. परातीत पीठ मळल्याचा चप्-चप् आवाज, तव्यावर पाण्याचा हात फिरला की चर्र, आणि ज्वारीचा तो भाजका, गोडसर वास. मायनं नियम केला होता. भाकरी आरावर ठेवली की ओळ सुरू करायची आणि ती टम्म फुगेपर्यंत ओळ संपवायची. सुरुवातीला माझी अर्धी ओळ व्हायची आणि भाकरी करपायची. "करपू दे," माय म्हणायची. "करपलेली मी खाते. तू जल्दी नको करू." मला हे अजून समजत नाही, की वेळेची अट घालून वर घाई करू नको म्हणणारी ती बाई नक्की काय शिकवत होती. पण भाकऱ्या हळूहळू करपेनाशा झाल्या एवढं खरं.

ओळ संपली की ती विचारायची, "काय म्हनलं त्यात?"

मला कुठं ठाऊक? मी अक्षरांच्या मागं धावत होते.

"मंग कळलं न्हाई. परत वाच. अक्षरं नको सांगू मला, गोष्ट सांग."

तिला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण न कळलेलं वाक्य तिच्या कानाला लगेच टोचायचं. एका धड्यात कुंभाराचं गाढव पुरात नदीपलीकडं अडकलेलं होतं. ते गाढव तिच्या डोक्यातच जाऊन बसलं. पीठ मळता-मळता थांबून विचारायची, "मंग? आलं का आलीकडं?" मला पुढचं वाचणं भागच पडायचं. तिला गाढवाची काळजी आणि मला तिच्या काळजीची. अशानं एकदा मी अर्धं पान कधी वाचून गेले ते कळलंच नाही. गाढव अलीकडं आल्यावर माय म्हणाली, "आता पुन्हा पहिल्यापासून वाच. आता जिवाला घोर न्हाई, बराबर आयकता येईल."

अण्णा माझ्याबरोबर वाचायचे. "आपण दोघं बराबरीनं," असं म्हणायचे. त्यांचा आवाज माझ्या डोक्यावरून यायचा, माझ्या आवाजाला चिकटून, पण नेहमी अर्धं अक्षर मागं. मला वाटायचं, मला धीर यावा म्हणून मागं राहतात. वाक्याचा चढ-उतार मात्र त्यांचाच. 'गाढव म्हणाले' इथं आवाज कसा उचलायचा आणि पूर्णविरामाला कसा टेकवायचा, हे त्या उर्दू पेपरच्या आवाजानं मला दिलं. पेपर घरात नव्हता, आवाज तेवढा धड्यात उतरला होता.

पण एक गंमत सांगते. मी शाळेतून आले की खिडकी जिथं ठेवून गेले होते तिथं नसायची. आदल्या दिवशी गाढवावर ठेवलेली, ती पुढच्या धड्यात मोराच्या पिसापर्यंत सरकलेली असायची. जेवणाच्या सुट्टीत घरी येणारं माणूस एकच होतं. मी विचारलं, "अण्णा, पुस्तकाला तुम्ही हात लावला का?"

"छे, बिलकुल न्हाई," अण्णा म्हणाले. त्यांच्या बोटाच्या टोकाला कुंकू होतं.

कचेरीत तेव्हा बाळबोधातून अर्ज यायला लागले होते आणि उर्दू कारकुनांनी ते शिकून घ्यावं असा हुकूम निघाला होता. हे मला मोठेपणी कळलं. त्या दुपारच्या सुट्टीत, मी घरात नसताना, खिडकीतून एक-एक ओळ बघत बसलेला माणूस माझ्या डोळ्यांपुढं येतो आणि मला फार माया येते त्याची. त्याला मोठ्यानं वाचायला कुणी मांडीवर घेतलं नव्हतं.

संध्याकाळी भाजी आणायला निघालो की अण्णा मला पाट्या वाचायला लावत. गल्लोगल्लीच्या पाट्या तेव्हा बदलत होत्या. जुन्या उर्दू पाट्या उतरायच्या, रशीदभाईंच्या अंगणात वाळत पडायच्या आणि मराठी होऊन परत चढायच्या. एकाच दुकानावर कधी अर्धी जुनी, अर्धी नवी. उर्दू अण्णा वाचायचे, मराठी मी, आणि दोन्हींत एकच निघालं की आम्हाला कोण आनंद! जणू ते दुकान आम्हीच शोधून काढलं. मला तेव्हा फार प्रश्न पडायचे. पुसलेली अक्षरं कुठं जातात? रंगाखाली त्यांना अंधारात भीती वाटत नसेल का?

रशीदभाईंनाही बाळबोध येत नव्हतं. त्यांनी प्रत्येक अक्षराचा साचा पुठ्ठ्यात कापून घेतला होता आणि कुणीतरी लिहून दिलेल्या चिठ्ठीवरून ते साचे जुळवत. त्यांची अक्षरं इतकी देखणी की वाटावं जन्मभर हेच लिहीत आले. "बेटी, ये तेरी मराठी बायें से चलती," ते मला म्हणायचे, "और मेरा हाथ दायें से उठता. क्या करूँ, हाथ को समझाना पडता."

"मलापण समजवावं लागतं," मी म्हणायची. आमचं दोघांचं दुखणं एकच होतं.

दसरा आला. तात्या सकाळीच आले, सोबत एक रिकामी पिशवी. माझे कपडे भरायला. ती त्यांनी खुंटीला लावली आणि मी दिवसभर त्या पिशवीकडं बघत होते.

"आण पुस्तक," तात्या म्हणाले.

दाराआडून माय म्हणाली, "सांग ग तात्याला, पुस्तकं पूजेत हायेत. सरस्वतीपुढची उचलत्यात व्हय आज?"

खंडेनवमीला पाटी-पुस्तकं पूजेला बसतात ती दसरा उलटल्याशिवाय हलवायची नाहीत. तात्या स्वतः पोथीवाले, त्यांना हा नियम मोडता येईना. मिशीवरून हात फिरवत ते म्हणाले, "पुस्तकं पूजेत असतील. दुकानावरच्या पाट्या तर न्हाईत ना? चल गल्लीत."

सोनं लुटायला निघालेल्या गर्दीतून आम्ही तिघं चाललो. झेंडूचे ढीग, आपट्याच्या पानांचा हिरवा वास, नव्या कपड्यांचा खळीचा वास. अण्णांच्या मुठीत माझा हात होता. तात्या दुकानाकडं बोट करायचे आणि मी वाचायची. किराणा माल. सायकल दुरुस्ती. भांड्याचे दुकान. चहा मिळेल. एकाही ठिकाणी अडखळले नाही. अण्णांची पकड सैल व्हायला लागली होती, एवढ्यात तात्या थांबले.

"रोज ह्याच गल्लीनं जाती ना? ह्या तर पाठच असतील तुझ्या. ते बघ, ते वाच. नवं हाय."

समोर कापडवाल्याच्या दुकानापुढं गर्दी होती. त्यानं दसऱ्याच्या मुहूर्तावर नवी पाटी लावली होती आणि नुकताच तिच्यावरचा पडदा ओढला होता. पिवळ्या रंगावर तांबडी, सुरेख अक्षरं. पण लोक टाळ्या वाजवायच्या ऐवजी माना वाकड्या करून बघत होते.

तात्यांनी आधी स्वतः वाचलं. त्यांच्या पहाडी आवाजात. "नका... दु... डपका." मग परत. "नकादु डपका. हे काय हाय?"

"नका म्हणतोय," कुणीतरी गर्दीतून ओरडलं. "दुकानात येऊ नका!"

हशा उसळला. कापडवाल्याचा चेहरा उतरला. दसऱ्याच्या दिवशी दारावर 'नका'! रशीदभाई शिडीजवळ उभे होते. हातातला ब्रश त्यांनी पाठीमागं लपवला होता.

"वाच," तात्या मला म्हणाले. त्यांनाच न आलेलं मला वाचायला लावणं हा काय न्याय होता, देव जाणे. पण पिशवी घरी खुंटीला होती आणि अण्णांचा हात पुन्हा आवळला होता, ओला झाला होता.

मी मनातल्या मनात खिडकी ठेवली. कुंकवाच्या बाजूनं निघाले. न, का, दु. ड, प, का. शेवटपर्यंत गेले. आणि माझ्या कानात, भाकरी थापता-थापता, माय म्हणाली, काय म्हनलं त्यात? कळलं न्हाई. मंग परत वाच.

परत वाचायचं, पण कुठून? मी शिडीजवळच्या रशीदभाईंकडं पाहिलं. त्यांचा हात दिसत नव्हता. पण तो हात कुठल्या बाजूनं उठतो ते मला ठाऊक होतं. मी बोट उचललं आणि पाटीच्या उजव्या टोकावर धरलं, अण्णा पेपरवर ठेवायचे तसं.

"कापड दुकान," मी वाचलं. न थांबता, शेवटी आवाज टेकवून.

मग सगळ्यांची बोटं हवेत उठून उजवीकडून डावीकडं चालायला लागली. "अरे व्हय की! का, प, ड..." रशीदभाईंनी कपाळावर हात मारला. "या अल्ला! सब साचे उलटे लगा दिये मैं!" आणि कापडवालासुद्धा हसायला लागला, कारण आता सगळं मस्तगड त्याच्या दुकानाचं नाव मोठ्यानं म्हणत होतं.

तात्यांनी उपरण्याच्या गाठीतलं आपट्याचं पान काढलं. खरं तर लहानांनी मोठ्यांना आधी द्यायचं असतं. त्यांनी ते माझ्या हातात ठेवलं आणि अण्णांना म्हणाले, "राहू दे पोरीला हितंच." दोन पावलं गेल्यावर मान वळवून म्हणाले, "पन सांग तिला, एक बाजू धर म्हनावं."

घरी पोचलो तर माय ओवाळायला ताट घेऊन उभी. सगळं ऐकून तिनं मला एवढंच विचारलं, "वाचलं ते वाचलं. कळलं का?"

"कळलं," मी म्हणाले आणि मला एकदम रडू फुटलं. इतका वेळ ते कुठं दडून बसलं होतं कुणास ठाऊक. तात्यांनी खुंटीवरची पिशवी काढली आणि तिच्यात मायनं दिलेली जवसाची चटणी भरून ते आष्टीला गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णा कचेरीतून आले तेव्हा त्यांच्या काखेत पेपर होता. हातपाय धुऊन ते उंबऱ्याशी बसले, पेपर मांडीवर उलगडला. तो फडफडाट ऐकून मी आतून धावत आले आणि दारातच थबकले. जवळ जाऊ की नको ते समजेना. अण्णांनी मांडीवर थाप मारली. मी आता मोठी झाले होते, पाय जमिनीला टेकत होते, तरी बसले. त्यांनी माझं बोट हातात घेतलं आणि ओळीच्या उजव्या टोकावर ठेवलं.

"आता भ्यायचं काम न्हाई," ते म्हणाले. "आता तुला दोन्हीकडून येतं."

आणि ते वाचायला लागले. मोठ्यानं. त्या खालच्या, मऊ आवाजात. चुलीपाशी भाकरी थापण्याचा आवाज सुरू होता, तो मध्येच थांबला.

"कळलं न्हाई," आतून माय म्हणाली. "परत वाचा."

अण्णा इतके हसले की पेपर हातातून निसटला. मग ते परत वाचत गेले, वाक्यामागून वाक्य मराठीत सांगत गेले, आणि त्या दिवशी आमच्या घरची एक भाकरी करपली.

हे सगळं परवा त्या पाटीपुढं उभं राहून आठवत होतं. अण्णांना जाऊन किती वर्षं झाली, मायला त्याहून जास्त. खिडकीचा पुठ्ठा कुठलंसं घर बदलताना हरवला. रशीदभाईंनी ती पाटी दुसऱ्याच दिवशी पुन्हा रंगवून सरळ केली होती, पण रंग खरवडून काढला होता की नुसता वरून फासला होता? ते दुकान हेच की शेजारचं, तेही आता मला नक्की सांगता येत नाही. कापडाचं होतं, एवढं मालक म्हणाला. त्याच्या आजोबांपासून कापडाचंच.

"खरवडून बघू का जरासं?" मी विचारलं.

"बघा की. भंगारातच जाणार आहे," तो म्हणाला आणि आत जाऊन माझ्यासाठी स्टूल घेऊन आला. या म्हातारीचं काय हरवलंय, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

मी बसले. पर्समधून एक नाणं काढलं. निळ्याखाली पिवळा, पिवळ्याखाली तो जुना गडद हिरवा. रशीदभाईंचा उलटा 'का' असेल तर उजव्या टोकाला, आणि त्याच्याही खाली, अण्णांच्या लिपीत 'कपडा' लिहिलेलं असेल तर त्याचं पहिलं अक्षर काफसुद्धा उजव्याच टोकाला. ऊन पाटीवर आलं होतं. डाव्या बाजूचे पापुद्रे आधीच सुटले होते, तिथं सोपं गेलं असतं.

मी स्टूल उचललं आणि उजवीकडं नेऊन ठेवलं.